दम नेमका कुठे लागतो?



पैठण गेटला रिक्षा सोडली आणि तिथून चालत आलो. संध्याकाळच्या वेळी गुलमंडीत गाडी आणायची हिंमत मी कधीच सोडून दिली आहे. सुपारी हनुमानापाशी क्षणभर थांबलो, श्वास जमवला आणि मग या सभागृहाचा जिना चढलो. सहा वर्षांपासून रोज सकाळी मेटोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकरची गोळी घेणारा माणूस तुमच्यापुढे उभा आहे, त्यामुळे भाषणाला विषय शोधत मला फार हिंडावं लागलं नाही.

माझा दवाखाना इथून हाकेच्या अंतरावर, जुन्या माडीवर आहे. 19 पायऱ्या, अरुंद, उभ्या, कठड्याऐवजी दोर. रुग्ण वर येताना मी दारात उभा राहून ऐकतो. कोण मध्ये थांबतो, कोण वर आल्यावर बोलू शकत नाही, कोणाचे पाय आधी थकतात आणि कोणाची छाती, हे तपासणीच्या टेबलावर कळत नाही तितकं त्या जिन्यावर कळतं. दवाखाना तळमजल्यावर घ्या असं मुलं सांगतात. मी ऐकत नाही. आता दोर काढून कठडा मात्र बसवणार आहे.

“डॉक्टर, ही गोळी सुरू केल्यापासून दम लागतो.” हे वाक्य आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलंय. आणि आपण केसपेपरवर काय लिहितो? ‘डिस्निया’. एक शब्द, आणि मोकळे. समोरचा माणूस मात्र एक शब्द वापरत नसतो. दम लागतो, धाप लागते, छातीत घरघर होते, ऊर भरून येतो, श्वास पुरत नाही, पाय गळतात, जीव घाबरा होतो. आपल्या गल्लीत निम्मे रुग्ण दखनी बोलणारे, त्यांचं सांस फूलना वेगळं आणि घबराहट वेगळी. बीटा-ब्लॉकरच्या बाबतीत तर या शब्दांमागे वेगवेगळे अवयव उभे असतात, आणि आपण ते सगळे एका शब्दात कोंबून टाकतो. तक्रार माझी आहे, आणि तिच्यात मीही आलो.

थोडं मागे जाऊ. 1948 साली अमेरिकेत रेमंड अलक्विस्टने मांडलं की अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं शरीरात दोन प्रकारच्या कुलपांवर काम करतात, अल्फा आणि बीटा. बरीच वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. जेम्स ब्लॅकने दिलं. हृदयाला जास्त रक्त पुरवण्यापेक्षा हृदयाची गरजच कमी केली तर, असा त्याचा उलटा विचार होता. त्यातून 1964 साली प्रोप्रॅनोलॉल आलं आणि 1988 साली ब्लॅकला नोबेल मिळालं. पण प्रोप्रॅनोलॉल सगळीच बीटा कुलपं बंद करायचं. 1967 साली कळलं की बीटाचेही दोन भाऊ आहेत. पहिला मुख्यतः हृदयात राहतो, दुसरा श्वासनलिकांच्या स्नायूंत. श्वासनलिका सैल ठेवण्याचं काम दुसऱ्याचं.

अल्फाचं नाव निघालंच आहे तर एक आडवळण घेतो. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातून गेलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली पोरं तिथे यायची, आणि फुप्फुसात पाणी भरून, तोंडाला फेस येऊन जायची. ते रुग्णाच्या खाटेशी बसून रात्रभर नाडी, रक्तदाब आणि श्वास टिपत राहिले. विषाने अल्फाचा उद्रेक होतो हे ओळखून त्यांनी अल्फा अडवणारं प्राझोसिन वापरलं, आणि 1986 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. हाताशी काय यंत्रं होती? घड्याळ, स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाचा पट्टा. श्वास कसा बघावा हे शिकायचं असेल तर मी नव्या डॉक्टरांना त्यांचे जुने लेख वाचायला सांगतो.

परत बीटाकडे येऊ.

गोगाबाबा टेकडीवर सकाळी फिरणारी आपली बरीच मंडळी आहेत. त्यांतले एक निवृत्त शिक्षक मनगटावर नवं घड्याळ बांधून दवाखान्यात आले. मुलाने घेऊन दिलेलं. म्हणाले, “डॉक्टर, मी कितीही जोर लावला तरी हे 105 च्या वर जात नाही. घड्याळ म्हणतं तुम्ही व्यायामच करत नाही, आणि इकडे माझा तर जीव निघतो.” 220 उणे वय हे गणित त्यांना तोंडपाठ, आणि त्या हिशोबाने त्यांना 150 च्या वर जायचं होतं. गोळी घेणाऱ्याला हे गणित लागूच पडत नाही. व्यायामात हृदय दोन मार्गांनी पुरवठा वाढवतं, ठोके वाढवून आणि दर ठोक्याला जास्त रक्त ढकलून. गोळी पहिल्या मार्गावर नाका बसवते. साध्या चालण्यात दुसरा मार्ग बरंचसं भागवून नेतो, स्नायूही रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतात. चढ लागला की मात्र हिशोब कमी पडतो.

यात फुप्फुसाचा दोष शोधू नका. निरोगी माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण 6 लिटर हवा आत घेतो, आणि जोराच्या व्यायामात ती 100 लिटरपर्यंतही जाऊ शकते. भात्यात इतकी शिल्लक असते, की निरोगी माणसाची मर्यादा बहुधा हृदय ठरवतं, फुप्फुस नाही. अशा माणसाला बीटा-ब्लॉकर दिला तर फुंकर मोजण्याच्या चाचणीत फारसा फरक दिसत नाही. शिक्षकांना विचारलं, “दम लागतो म्हणजे नक्की काय होतं?” ते थोडे थांबले. “खरं सांगू? श्वास ठीक असतो. पाय जड होतात.” दोन्ही बीटा बंद करणाऱ्या औषधांत हे जास्त होतं. साठवलेल्या चरबीतून स्नायूंना मिळणारं इंधन आटतं, आणि व्यायामात स्नायूंतून बाहेर पडलेलं पोटॅशियम परत आत जायला वेळ लागतो. ते डोकेदुखीसाठी सुरू झालेलं प्रोप्रॅनोलॉल वर्षानुवर्षं घेत होते. औषध बदललं आणि घड्याळाचा तो आकडा झाकून ठेवायला सांगितलं. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढंच माप. ते म्हणाले, गाणं मला गोळीच्या आधीही येत नव्हतं.

आता ज्या श्वासाला खरंच भ्यायला हवं, त्याकडे वळतो.

दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आकसायला टपलेल्याच असतात. तिथे दुसरा बीटा बंद झाला तर घरघर सुरू होते, आणि वाईट म्हणजे सॅल्ब्युटामॉलचा पंप मारूनही उतार पडत नाही. ज्या कुलपात किल्ली घालायची, त्यातच आपण लाख ओतून ठेवलेली असते. हे सगळ्यांना पाठ आहे, तरी चूक होते. माझ्याकडून झाली. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक जुना दमेकरी गृहस्थ महिन्यात तीनदा जिन्यात बसला. मी पंप वाढवला, स्टेरॉइड दिलं, हवेला दोष दिला. हृदयाची गोळी नाही ना, हे विचारलं होतं. चौथ्या वेळी सुनेने पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक छोटी बाटली होती. टिमोलॉल, काचबिंदूसाठी. “हे पण औषधच धरायचं का हो?” असं तिने विचारलं. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो, वाटेत यकृताची चौकीही लागत नाही. थेंब बदलून घेतल्यावर त्या गृहस्थाला पुढे जिन्यात बसावं लागलं नाही. हृदयरोगतज्ज्ञ हल्ली सावध असतात. फसगत होते ती डोळ्यांच्या थेंबांत, अर्धशिशीच्या गोळीत, हात थरथरतात म्हणून किंवा मुलाखतीच्या धास्तीपायी दिलेल्या पाकिटात.

याच्या उलट चूकही तितकीच होते, आणि तिचा गाजावाजा होत नाही. फुलंब्री-खुलताबादकडून येणाऱ्या बायका बघा. आयुष्यात विडी ओढलेली नाही, पण तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट आजारावर, लिहिलं, तेव्हा जगाने त्याची दखल घेतली, आपल्याला त्या बायका रोज भेटत होत्या. अशा बाईचं हृदयही दुबळं झालेलं असलं, की आपण बीटा-ब्लॉकर लिहिताना पेन उचलतो. छातीचा आजार आहे ना, नको. पण दुबळ्या हृदयात याच औषधाने मृत्यू साधारण एक-तृतीयांश कमी होतात, हे 1999 साली बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. पहिल्या बीटालाच धरणारी ही औषधं सीओपीडीत बहुतेकांना सोसतात. फक्त मात्रा वाढली की ती निवड सैल होते, हे विसरू नये. आणि हृदयाचं कारण नसताना फुप्फुसाचं औषध म्हणून ती देऊ नयेत. 2019 साली मेटोप्रोलॉलचा तसा प्रयोग झाला. आजार उफाळणं टळलं नाहीच, उलट त्यापायी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण वाढलं.

आणखी एक. दम लागतो म्हणून रुग्ण गोळी परस्पर बंद करतो. एकदम बंद केली तर हृदय उसळी खातं, छातीत कळ येते, झटकाही येऊ शकतो. “बंद करू नका” एवढं बजावून तो ऐकत नाही. त्याचा दम कसला आहे हे आपण विचारलेलं नसतं, तो आपल्यावर का विश्वास ठेवील?

मागच्या वर्षी अशीच एक आजी आली. चुलीचं फुप्फुस, दुबळं हृदय, आणि कोणीतरी काढून टाकलेला बिसोप्रोलॉल. फुंकर मोजली, सव्वा मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू केला, पंधरा-पंधरा दिवसांनी हळूहळू चढवला. चार महिन्यांनी फुंकरीचा आकडा जिथल्या तिथे होता. मी जरा हिरमुसून विचारलं, “आजी, दम?”

“दम हाये तसाच हाये,” ती म्हणाली. “पण हंडा घेऊन येताना आता मधी टेकावं लागत न्हाई.”