दुखते कोपर, चुकतात पाय

२०२३ साली हांगझूच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पुण्याची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी टेनिसच्या मिश्र दुहेरीत सुवर्णपदक जिंकले. बोपण्णा बॅकहँड एका हाताने मारतो, ऋतुजा दोन्ही हातांनी.

तेव्हा माझे उजवे कोपर दुखत होते. डॉक्टर म्हणाले, ‘टेनिस एल्बो’. मी चकित! उभ्या जन्मात रॅकेट धरली नव्हती. ओल्या चादरी पिळून हे झाले होते. मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाशी जोडलेले असतात. इजा तिथे होते. नवशिक्याच्या एकहाती बॅकहँडचा ताणही तिथेच येतो.

कारण तो नुसत्या हाताने मारायला जातो. कोपर पुढे, मनगट वाकलेले. कसलेला खेळाडू पायाने जमीन रेटतो. ते बळ कंबरेतून, धडातून, खांद्यातून हातात उतरते आणि मनगट घट्ट राहते. दोन हातांच्या फटक्यात धड अधिक काम करते, दुसरा हात धक्का वाटून घेतो, उंच उसळलेला चेंडूही आवरतो. एकहाती फटका आता दुर्मीळ होतो आहे. १९७३ पासूनच्या क्रमवारीत फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथमच पुरुषांच्या पहिल्या दहांत तो मारणारा कोणी उरला नाही.

आमच्या घरी आता चादरीचे दुसरे टोक बेगम धरते. आणि पालकहो, मूल खेळून आल्यावर ‘कोपर दुखतंय’ म्हणाले, तर नुसते मलम चोळू नका. त्याला विश्रांती द्या, आणि प्रशिक्षकांना त्याचे पाय बघायला सांगा.