धुऱ्यावरचा सहा ठिपक्यांचा भुंगेरा



कार्यक्रमपत्रिकेवर आमचे नाव पाहून पुष्कळांनी अंदाज केला असेल की आज मजुरीच्या दरांवर बोलणे होणार. मजुरीचा विषय येईल, त्यावाचून आम्हाला बोलता येत नाही. पण आरंभ एका किड्यापासून करायचा आहे.

किडा तुमच्या ओळखीचा आहे. काळाकुळकुळीत, दीड इंचाहून लांब, अंगावर सहा पांढरे ठिपके. पाय लांब, आणि दिवेलागणीला धुऱ्यावरून असा धावतो, जणू तहसिलीत त्याची तारीख आहे. किल्लारीच्या माळावर, मुरमाड रानात दगड उलटला की कधीकधी खाली सापडतो. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल आणि पाहताक्षणी चपलेखाली घेतला असेल. आम्हीही घेतलेला आहे.

त्याचे शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. आडनावाचा अर्थ सहा ठिपक्यांचा, एवढाच. लिनियसचे शिष्य, डेन्मार्कचे फॅब्रिशियस यांनी १७७५ सालीच त्याची शास्त्रात नोंद केली. हा जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. या कुळात जगभर सुमारे चाळीस हजार जाती मोजल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक शिकारी आहेत. अळ्या, किडे, मिळेल ते पकडून खातात. त्यांची पिल्लेही मातीत राहून बहुधा शिकारच करतात. पीक खाणारा तो किडा आणि किडा खाणारा तोही किडाच, हा भेद आमच्या ध्यानात यायला पन्नाशी उजाडावी लागली.

त्याला छेडले तर तो मागून आम्ल फवारतो. मुंगीच्या चाव्यात असते तेच, फॉर्मिक आम्ल. डोळ्यांत गेले तर भारी पडते, म्हणून लेकरांना तो हातात धरू देऊ नये. आफ्रिकेतल्या कलहारीच्या रुक्ष प्रदेशात याचे भाऊबंद राहतात. तेथे एका सरड्याची पिल्ले काळ्यापांढऱ्या रंगाची असतात आणि पाठ कमानीसारखी करून, पाय ताठ टाकीत चालतात, म्हणजे खाणाऱ्याला तो आम्लाचा भुंगेरा वाटावा. मोठी झाली की रंग मातकट होतो आणि चालही सरड्याची होते. ह्यूई आणि पियांका या दोघा अभ्यासकांनी १९७७ साली हे प्रसिद्ध केले. गरिबाने जबर माणसाच्या चालीने चालून वेळ निभावून न्यावी, तसा हा प्रकार. आम्ही मोर्च्यात नवख्या पोरांना हेच शिकवीत आलो!

आता मुद्द्याची गोष्ट. या अँथियाला उडता येत नाही. पाठीवरची कठीण झाकणे आहेत, पण त्यांखाली उडण्याजोगे पंख नाहीत. याच्या बहुतेक जाती आफ्रिकेत आहेत, काही अरबस्तानात, आणि इकडे आपल्या देशात हा सहा ठिपक्यांचा. ज्याला पंख नाहीत त्याला पायांनीच पसरावे लागते, आणि पायांनी जायचे तर वाट तुटता कामा नये. नकाशावर त्याचे ठिकाण शोधायचे झाले तर कोरडा, उघडा, दगडगोट्यांचा प्रदेश पाहावा. घनदाट जंगल त्याचे नव्हे, पाण्याने भरलेले शेतही नव्हे. आपला माळ मात्र खास त्याचा.

दगडांविषयी या गावात हलकेपणाने बोलता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या रुंद भिंतींनी हजारो माणसे दाबली आणि जुने गाव सोडून नव्या जागी घरे झाली. जुन्या गावठाणाकडे आम्ही कित्येक वर्षे पाय वळवला नाही. पुढे एकदा गेलो, तेव्हा पडक्या भिंतीच्या एका दगडाखालून हाच भुंगेरा निघाला आणि गवतात गेला. आम्ही त्याला मारले नाही. का, ते तेव्हा सांगता आले नसते.

गावठाण सुटले, पण शिवारात त्याला जागा कोठे राहिली? सोयाबीन आले, एकेक तास जमीन मोलाची झाली, आणि धुरे यंत्राने कोरून काढले. आमच्या लहानपणी धुऱ्यावरून बैल चरत जात, आज दोन शेतांमध्ये हातभर पट्टी उरली तरी नशीब. उडणाऱ्या किडीला याचे काही वाटत नाही, ती पुन्हा येते. तिला खाणारा पायी चालणारा, तो परत यायला धुराच लागतो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगाईंनी कोवळे सोयाबीन फस्त केले, तेव्हा जो तो विचारीत होता, औषध कोणते? मातीतले शिकारी कोठे गेले, असे विचारणारा आम्हाला एकही भेटला नाही. हा भुंगेरा त्या गोगलगाई संपवील, असा आमचा दावा नाही. विचारायला हवे होते, इतकेच म्हणणे आहे.

औषध म्हणजे विष, आणि ते पाठीवर घेऊन तासात उतरतो तो मजूर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमच्या बैठकीत एकाने सांगितले की त्याला हातमोजे मागितल्यावर रुमाल मिळाला आणि रोज मागितल्यावर दुसरा मजूर मिळाला! कृषी विद्यापीठे सांगतात की किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्यावरच फवारावे. मोजायला कोणी जात नाही. शेजाऱ्याचा पंप वाजला की आपलाही वाजतो. यात भुंगेरा मरतो, मजूर आजारी पडतो, आणि शेतकऱ्याचा खर्च वाढतो. तिघांचे भांडण एकाच डब्याशी आहे, हे आमच्या संघटनेतही सर्वांना पटलेले नाही. काही सोबती म्हणतात, फवारणी कमी झाली तर रोज बुडेल. हा आक्षेप खरा आहे. म्हणून आमची मागणी अशी की मोजणीचेही रोज मिळाले पाहिजे. किडी मोजणे हे काम आहे, फुकटची हौस नव्हे.

मोजण्याची रीत सोपी. तोंड जमिनीशी सपाट येईल असा एक डबा मातीत पुरावा आणि सकाळी पाहावे. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका शेतकरीबंधूच्या परवानगीने दोन डबे पुरले, एक राखलेल्या धुऱ्याजवळ, एक शेताच्या मधोमध. मधल्या डब्यात मुंग्या आणि चिखल. धुऱ्याजवळच्या डब्यात तिसऱ्या दिवशी सकाळी तो बसलेला होता, सहाही ठिपके ठळक. त्या शेतकऱ्याने विचारले, याला सोडायचे कोठे? आम्ही म्हणालो, तुमच्याच रानात, आणखी कोठे.