खुब्याच्या दुखण्यावरची सुई

दादीला सजद्यात जाणे जमेनासे झाले की कोणीतरी खुब्यात स्टेरॉइडची सुई घ्यायला सुचवतो. सुई वाईट नव्हे. सूज उतरते, काही आठवडे, कधी काही महिने आराम पडतो. झिजलेला सांधा मात्र भरून येत नाही. हा सांधा खोल असतो, म्हणून सुई सोनोग्राफीत किंवा क्ष-किरणांखाली पाहूनच घ्यावी. मधुमेह असल्यास काही दिवस साखर चढते. ती तपासत राहा. सांधा बदलायचा विचार असेल तर आधीच सांगा, कारण सुईनंतर ३ महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दुखणे असेतो दादीने खुशाल खुर्चीवर नमाज पढावी; आजाऱ्याला ती सवलत आहेच. कोणती सुई, कोणत्या तारखेला, हे शाळेत जाणाऱ्या नातवंडांनी वहीत लिहून ठेवावे. पुढच्या डॉक्टरला तेच लागते.