जुनें यंत्र पुन्हां नेमकें होतांना



बोदलकसा हें नांव आपल्यापैकीं कांहींनीं तेथील तलावामुळें ऐकलें असेल. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत, रानानें वेढलेल्या भागांत १९१७ सालीं मातीचें धरण बांधून हें पाणी अडविण्यांत आलें. हिंवाळ्यांत पक्षी पाहावयास जाणारी मंडळी तेथें जातात. मी गेल्या चैत्रांत तिकडे गेलों तो मात्र पक्ष्यांसाठीं नव्हे. त्या बाजूस माझ्या भाच्यानें लांकूडकामाची शेड घातली आहे. त्याचा फोन आला, “मामा, यंत्र खोटें बोलूं लागलें आहे. तुम्ही येऊन जा.” माझें सारें आयुष्य यंत्रशाळेंत गेलेलें, अशा बोलावण्यास मला नाहीं म्हणतां येत नाहीं.

हें यंत्र म्हणजे संगणकाच्या आज्ञेनें लांकूड कोरणारें यंत्र. बाजारांत त्यास सीएनसी राउटर म्हणतात. आपल्या घरांतील देव्हाऱ्याची जाळी किंवा कपाटाच्या दारावरील वेलबुट्टी आतां बहुधा अशाच यंत्रावर कोरली जाते. आठ फूट लांब व चार फूट रुंद फळा मावेल एवढें लोखंडी टेबल. त्याच्या दोन्ही कडांवरील रुळांवरून पुढें-मागें सरकणारी आडवी कमान. कमानीवर डावी-उजवीकडे जाणारी व खालीं-वर होणारी मोटर. आणि त्या मोटरीच्या तोंडांत मिनिटास २४,००० पर्यंत फेरे घेणारें पातें. आंकड्यांच्या आज्ञेवर हत्यार चालविण्याची ही विद्या अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेनें १९५२ सालीं जाहीरपणें करून दाखविली, तेव्हां तिचा ओढा विमानाच्या भागांकडे होता. आज ती खेड्यांतल्या पत्र्याच्या शेडमध्यें नांदते आहे.

भाच्यानें यंत्र घेतलें तें जुनें, शहरांतील एका बंद पडलेल्या कारखान्यांतून, आणि तेंहि कर्ज काढून. पहिलें मोठें काम आलें तें जवळच्या एका देवळाच्या दाराचें. दोन सागवानी कवाडें. प्रत्येकावर अर्धें कमळ. दार मिटलें म्हणजे मधोमध पूर्ण कमळ उमलावें अशी योजना. कवाडें कोरून शेजारीं मांडलीं, तों एकीकडच्या पाकळ्या दुसरीकडच्या पाकळ्यांपेक्षां जवळजवळ अर्धें सूत वर! ज्यांनीं घर बांधलें आहे त्यांस सूत ठाऊक आहे; इंचाचा आठवा भाग. अर्धें सूत म्हणजे दीड मिलिमीटर. एवढ्याशा चुकीनें चांगल्या सागाचीं दोन कवाडें वायां गेलीं, आणि बँकेचा हप्ता कांहीं थांबला नव्हता.

मी पोहोंचलों तेव्हां नव्या मोटरी व नवा कंट्रोलर मागविण्याची यादी तयार होती. तिची किंमत यंत्राच्या किंमतीच्या निम्म्याला भिडत होती. मीं त्यास सांगितलें, “आठ दिवस एक पैसाहि खर्च करूं नकोस. आधीं चूक कोठें आहे तें पाहूं.” त्यास तें फारसें रुचलें नाहीं. तरुण माणसास यंत्राचा दोष नेहमीं त्याच्या मेंदूंत दिसतो. मला तो बहुधा पायांत सांपडत आला आहे.

येथेंहि तसेंच झालें, पण तो सांपडला मला नव्हे. शेडमध्यें भाच्याच्या हाताखालीं एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनीं दोन सरळ पट्ट्या घेतल्या, टेबलाच्या दोन टोकांस एकेक आडवी ठेविली आणि खालीं बसून, एक डोळा मिटून, जवळच्या पट्टीवरून दूरच्या पट्टीकडे पाहिलें. “साहेब, टेबल पिळलें आहे,” ते म्हणाले. दाराची चौकट पिळली आहे कीं नाहीं हें सुतार पिढ्यान् पिढ्या असेंच पाहत आला आहे. यंत्र ट्रकमधून आलें, नव्या कोब्यावर बसलें, कोबा एका कोपऱ्यास खचला, आणि सहा पायांपैकीं एक पाय जवळजवळ अधांतरीं राहिला. मग आम्हीं पारदर्शक नळींत पाणी भरून चारी कोपऱ्यांची पातळी घेतली. नळींतलें पाणी मिलिमीटरभराची चूक सांगतें, त्याहून बारीक नाहीं. पुढचें काम पाणसळीनें व पायाखालीं पातळ पत्रे सारून केलें. त्यांत दोन दिवस गेले.

आतां पट्टी तरी सरळ आहे हें कशावरून? हा प्रश्न भाच्यानेंच विचारला, आणि तो चांगला होता. कागदावर दोन टिंबें घ्यावीं, पट्टीनें तीं जोडावीं, मग पट्टी उलटून तीच टिंबें पुन्हां जोडावीं. दोन रेघांमध्यें पोकळी दिसली तर पट्टी वांकडी. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें सपाट पृष्ठभागासंबंधीं जो निबंध १८४० सालीं ग्लासगो येथें वाचला, त्यांतली युक्ति याच जातीची आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले तर एक खोलगट व दुसरा फुगीर होऊनहि ते नीट जुळतात. परंतु तीन पृष्ठभाग घेऊन ते आलटून पालटून परस्परांशीं जुळवीत गेलें, तर तिघांनाहि सपाट झाल्यावांचून गति नसते. कोठल्याहि आदर्श वस्तूवांचून खरेपणा निर्माण करण्याची ही रीत मला आजहि थक्क करते. असो.

टेबल सरळ झाल्यावर काटकोनाची पाळी. एवढ्या मोठ्या यंत्राला गुण्या लावून भागत नाहीं. गुण्या फुटभराचा, यंत्र आठ फुटांचें. म्हणून यंत्राकडूनच १२०० बाय २४०० मिलिमीटरांच्या चौकोनाचे चार कोपरे टोंचून घेतले आणि पोलादी टेपनें दोन्ही कर्ण मोजले. आयताचे कर्ण समान असतात हें आपण शाळेंत शिकतों आणि विसरतों. येथें कर्णांत साडेतीन मिलिमीटरांचा फरक निघाला. याचा हिशेब असा कीं कमानीचें एक टोक दुसऱ्यापेक्षां सुमारें दोन मिलिमीटर मागें रेंगाळत होतें. कवाड कमानीच्या निम्म्या रुंदीचें, म्हणजे त्याच्या वांट्यास एक मिलिमीटर. दीडांतला एक सांपडला, राहिला अर्धा.

तो अर्धा दांत्यांत होता. कमान पुढें नेणारी मोटर आपल्या लहान दांतेरी चाकानें रुळालगतच्या दांतेरी पट्टीवर चालते. चाक झिजलें कीं दिशा बदलतांना मोटर थोडी फिरते, पण कमान हलत नाहीं. कारागीर यास ‘प्ले’ म्हणतात. डायल गेज कमानीला टेंकवून दहा मिलिमीटर पुढें व दहा मागें अशी आज्ञा दिली. कांटा मूळ जागीं आलाच नाहीं. या दोन्ही दोषांची खूण एका वर्तुळांतहि दिसते, आणि ज्यांच्याकडे डायल गेज नाहीं त्यांनीं तेवढी चांचणी अवश्य करावी. वर्तुळ कोरतांना तें तिरकें अंडाकृति झालें तर काटकोन चुकला आहे. वर-खालीं आणि डावी-उजवीकडे, जेथें दिशा पालटते तेथें, बारीक पायरी उमटली तर प्ले आहे. आमच्या वर्तुळांत दोन्ही होतें.

दांतेरी चाकें बदललीं. तीं स्वस्त असतात. पट्ट्यांच्या दांत्यांत भुसा व ग्रीस यांचा दगड झाला होता, तो खरडून काढला. एका बाजूची पट्टी दोन तुकड्यांची होती व सांध्यापाशीं दांत्यांचें अंतर किंचित् वाढलें होतें. तेथें तिसरा तुकडा उपडा ठेवून, त्याचे दांते दोन्हींकडच्या दांत्यांत बसवून, मगच सांध्याचे स्क्रू आंवळावे लागतात. मागच्या मालकाकडे हें कोणीं केलेलें नव्हतें. खालीं-वर नेणाऱ्या बॉल स्क्रूचें टोंकाचें बेअरिंग सैल होतें, तें नवें घातलें. मोटर टेबलाशीं काटकोनांत आहे कीं नाहीं तें तिच्या तोंडाला डायल गेज बांधून, हातानें गोल फिरवून पाहिलें, आणि पाठीशीं पत्र्याची एक चीप सारली. पातें धरणारा कॉलेटहि झिजला होता.

इतकें झाल्यावर दोन दिवस सारें सुरळीत चाललें, आणि तिसऱ्या दिवशीं यंत्र पुन्हां भटकलें. भाच्यानें माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती मी विसरणार नाहीं. पण ही चूक निराळी होती. ती कधीं येई, कधीं येत नसे. पातें बंद ठेवून तोच कार्यक्रम हवेंत चालविला, तर यंत्र नेमकें मूळ बिंदूवर परत येई. पातें चालूं ठेवलें कीं घसरे. म्हणजे दोष लोखंडांत नसून विजेंत होता. पात्याच्या मोटरीची तार आणि आज्ञेच्या तारा एकाच नळींतून नेलेल्या होत्या, आणि मोठ्या तारेंतला खळबळाट लहान तारेंत खोट्या आज्ञा पेरीत होता. तारा वेगळ्या केल्या, जाळीची तार वापरली. अर्थिंगचा खड्डा तर चैत्राच्या उन्हांत ठणठणीत कोरडा पडला होता. त्यांत पाणी घालण्याचें काम शेडमधल्या पोरास रोजचें लावून दिलें.

यानंतरच मीं खर्चास परवानगी दिली. कंट्रोलर जुनाच ठेवला. कमानीच्या दोन बाजूंच्या मोटरी मात्र नव्या घेतल्या, ज्या आज्ञा चुकल्यास स्वतः थांबून तक्रार करतात. आणि दोन्ही बाजूंस स्वतंत्र सेन्सर बसविले, म्हणजे रोज सकाळीं कमान दोन्ही टोकांनीं आपापल्या खुणेस जाऊन सरळ होते. प्लेची भरपाई संगणकांतून आंकडे घालूनहि करतां येते. परंतु झिजलेल्या दांत्यांवर ती निव्वळ सारवासारव ठरते, असें माझें मत आहे. शेवटीं कर्णांतील फरक पाव मिलिमीटरावर आला. भाच्यास तो शून्य हवा होता. मीं त्यास आंकडे मांडून दाखविले. अडीच मीटर पोलाद तीस अंशांच्या फरकानें, म्हणजे पौषांतल्या पहांटेपासून वैशाखांतल्या दुपारपर्यंत, जवळजवळ एक मिलिमीटरानें वाढतें. आणि फूटभर रुंदीची सागाची फळी पावसाळा-उन्हाळ्यांत एक-दोन मिलिमीटर सहज कमीजास्त होते. ज्या वस्तूवर काम करावयाचें तीच श्वास घेते, तिच्यावर केंसाच्या जाडीचा हट्ट कशाला?

नवीं कवाडें वैशाखाच्या अखेरीस कोरलीं. बिघडलेल्या कवाडांपैकीं एकाचा मिस्त्रींनीं कामाचा ओटा केला आहे. दुसरें भाच्यानें शेडच्या भिंतीला टांगून ठेवलें आहे, कां तें मीं विचारलें नाहीं.

दार बसवितांना मात्र मामा-भाच्यांचें मिस्त्रींपुढें कांहीं चाललें नाहीं. आम्हीं दोन कवाडें एकमेकांस अगदीं भिडतील असें आंखलें होतें. मिस्त्रींनीं रंधा घेतला आणि आमच्या डोळ्यांदेखत मधल्या कडेवरून एक सूत लांकूड काढून टाकलें. कमळाच्या मधोमध फट दिसूं लागली, भाचा हळहळला. “पाऊस येऊं द्या,” एवढेंच ते म्हणाले. आषाढांत भाच्यानें त्या दाराचा फोटो पाठविला. कमळ मिटलेलें होतें, आणि मधली फट शोधावी लागत होती.