बेटावरचा शिंजी



युकिओ मिशिमा म्हटलं की १९७० साली त्यांनी टोकियोत केलेली हाराकिरी आधी आठवते. याच लेखकाची १९५४ सालची ‘शिओसाई’ ही कादंबरी मात्र जगण्याच्या निखळ आनंदाची आहे. इंग्रजीत ती ‘द साउंड ऑफ वेव्ह्ज’ या नावानं आली. ‘डॅफ्निस आणि क्लोई’ या प्राचीन ग्रीक प्रेमकथेवरून मिशिमांना ती सुचली.

कथा घडते उताजिमा या बेटावर. जपानच्या इसे उपसागराच्या तोंडाशी असलेलं कामिशिमा, हेच ते बेट. परीघ जेमतेम चार किलोमीटर, कादंबरीतली वस्ती चौदाशेची. पुरुष मासेमारीला जातात, बाया समुद्राच्या तळाशी बुड्या मारून शिंपले काढतात. अठरा वर्षांच्या शिंजीचे वडील युद्धात गेले. आईच्या आणि त्याच्या कष्टांवर घर चालतं. अशात श्रीमंत जहाजमालक तेरुकिची आपल्या मुलीला, हात्सुएला, बेटावर परत आणतो आणि शिंजीचं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

एवढ्याशा बेटावर लपणार काय? वादळात एका पडक्या मनोऱ्यात दोघं भेटतात, मर्यादा राखून परततात, तरी गावभर बोभाटा होतो. बाप मुलीला भेटू देत नाही. मग पाण्याच्या रांजणाच्या झाकणाखाली चिठ्ठ्या ठेवल्या जातात.

पुढे तेरुकिचीच्या जहाजावर शिंजी आणि त्याचा प्रतिस्पर्धी यासुओ उमेदवार खलाशी म्हणून जातात. ओकिनावाजवळ तुफानात दोर तुटतो, तेव्हा नवा दोर घेऊन बोयापर्यंत पोहत जातो तो शिंजी. यासुओ जागचा हलत नाही. म्हाताऱ्या तेरुकिचीला जावई सापडतो.

सामान्य लेखक इथंच थांबला असता. मिशिमा आणखी एक पाऊल पुढे जातात. आपण दिलेल्या आपल्या फोटोनं शिंजीला तुफानात तारलं, असं हात्सुएला वाटतं. त्या रात्री तारलं ते आपल्याच बळानं, हे शिंजीला ठाऊक असतं. गावानं दिलेला मान नव्हे, ही जाणीव म्हणजे त्याचं मोठं होणं. त्यासाठी त्याला बेट सोडून जावं लागत नाही, हे मला विशेष वाटतं.

यासुओ फारच सरधोपट खलनायक झालाय, हे खरं. तरीही पुस्तक छोटं आहे, जरूर वाचा. शेवटचं प्रकरण मात्र घाईनं उरकू नका.