भांडत वाचलेलं शास्त्र



आयोजकांनी मला विषय दिला तो ‘शास्त्राचं ज्ञान आणि ख्रिस्ती विश्वासाची वाढ’. विषय कळला आणि आधी आठवली ती आमच्या मंडळ्यांमधली बायबल क्विझ. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत 66 पुस्तकांची नावं एका दमात म्हणणारी पोरं तिथे असतात. (कॅथलिक मुलांना 73 म्हणावी लागतात, त्यांचं कौतुक थोडं जास्त.) मथुशलह किती वर्षं जगला हे विचारून पूर्ण व्हायच्या आत 969 म्हणून ती मोकळी होतात. मला या स्पर्धांचं वावडं नाही. पण 969 हा आकडा पाठ झाल्यामुळे प्रभूची ओळख किती वाढली, असा प्रश्न त्या क्विझमध्ये नसतो. नुसत्या ज्ञानानं माणूस फुगतो, हे पौलानं करिंथच्या मंडळीला बजावून ठेवलंय. आणि गंमत अशी की हाच पौल आपल्या पत्रांतून जुन्या कराराचे दाखले दिल्याशिवाय चार पावलं पुढे जात नाही. म्हणजे त्याची तक्रार ज्ञानाबद्दल नव्हती. ती ज्ञान मिरवण्याबद्दल होती.

ही अडचण आपल्या मुलखाला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला आणि साष्टीत राहून त्यानं मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. 1616 साली ते रायतूरला छापलं गेलं. त्याच्या आरंभी एक प्रसंग येतो. मुलांना प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण देणं चाललेलं असतं, आणि नव्यानं ख्रिस्ती झालेला एकजण विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला नवं पुराण का देत नाही? स्टीफन्सनं स्वतः कोकणीत प्रश्नोत्तरांचं पुस्तक लिहिलं होतं. तरीही त्याला समोरच्याचं म्हणणं पटलं. ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देता येणं वेगळं आणि अख्खी कथा ऐकून तिच्यात स्वतःला शोधणं वेगळं, हे त्यानं ओळखलं आणि जवळजवळ 11 हजार ओव्यांचा ग्रंथ केला.

स्टीफन्सवर मी थांबत नाही, कारण तो देणारा होता. मला घेणाऱ्याबद्दल बोलायचंय. शास्त्र वाचणाऱ्या माणसाच्या आत नेमकं काय घडतं, याची तपशीलवार नोंद मराठी समाजात एका बाईनं ठेवली आहे. पंडिता रमाबाई. आज बोलणार आहे तो त्यांच्या वाचनाबद्दल. त्यांच्या समाजकार्यावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झालंय.

रमाबाई वाचायला कुठून शिकल्या हे आधी लक्षात घ्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करला. आईनं ते लेकीला दिलं. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराण सांगून पोट भरू लागलं. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. म्हणजे ग्रंथ कोळून पिणं हे या मुलीला बायबल हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून अंगवळणी पडलेलं होतं. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या त्या ऐकीव कीर्तीवर नव्हेत, समोर बसवून परीक्षा घेऊन.

त्याच कलकत्त्यात भाऊ श्रीनिवास आणि त्या एका ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या. तिथली माणसं खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून, डोळे मिटून बसली. बहीणभावाला वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! हे मी रंगवून सांगत नाही, त्यांनीच लिहून ठेवलंय. तिथे त्यांना बायबलची संस्कृत प्रत भेट मिळाली. संस्कृत तर या बाईच्या जिभेवर. पण ती भाषा परकी लागली, शिकवण त्याहून परकी, आणि हे वाचणं म्हणजे वेळ दवडणं असं त्यांनी ठरवून टाकलं. प्रत मात्र टाकून दिली नाही.

पुढे बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न झाल्यावर आसामातल्या सिल्चरला, घरातल्या पुस्तकांत, त्यांना बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान सापडलं. ते तिथे कसं आलं हे त्यांना कधी कळलं नाही. ते मात्र त्यांनी आवडीनं वाचलं. ॲलन नावाचे बाप्तिस्त मिशनरी घरी येऊन उत्पत्तीचं पुस्तक समजावून सांगू लागले. नवरा मिशनच्या शाळेत शिकलेला, ब्राह्मो विचारांचा, पण बायकोनं ख्रिस्ती होण्याची भाषा काढताच बिथरला. काही काळातच, 1882 च्या फेब्रुवारीत, तो वारला. रमाबाई लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन पुण्याला आल्या, आणि दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या.

आता इंग्लंडमधला भाग, ज्यासाठी मी त्यांना निवडलं.

वाँटेजच्या जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. त्या जोगिणी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला घेऊन गेल्या. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा देऊन पुन्हा उभं केलं जात असे. रमाबाईंनी धर्मशास्त्रं वाचली होती. अशा बाईला कुठल्या शास्त्रात कोणती शिक्षा सांगितली आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. तिची सेवा करणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका जोगिणीनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: याकोबाची विहीर, भर दुपार, आणि पाणी भरायला आलेली ती शोमरोनी बाई. पाच नवरे होऊन गेलेले, आता ज्याच्याजवळ राहते तो नवरा नव्हे. येशू तिच्याकडे पाणी मागतो, आणि देव आहे कुठे, त्याची उपासना कशी करायची, हा सगळ्यात अवघड विषय तिच्याशी बोलत बसतो.

इथे जरा थांबू या. हा अध्याय आपण उपासनेत किती वेळा ऐकलाय! रमाबाईंवर तो असा आदळला, कारण त्या तिथे रिकाम्या मनानं गेल्या नव्हत्या. पुराणं सांगत हिंडलेली, मोक्षाचा अधिकार कुणाला आणि कुणाला नाही हे ग्रंथांतून नीट वाचलेली, लेकराला घेऊन एकटी उभी असलेली विधवा होती ती. तिचे प्रश्न तिच्या आयुष्यानं आधीच तयार केलेले होते. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बहुतेक चरित्रं इथे सुस्कारा टाकतात. वाचलं, पटलं, बाप्तिस्मा झाला, गोष्ट संपली. खरं तर भांडण इथून सुरू होतं.

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार जपला गेला, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1977 साली तो प्रसिद्ध केला. अ. भि. शहांनी संपादन केलेलं ते पुस्तक तुमच्यातल्या प्रत्येकानं, ख्रिस्ती असो नसो, एकदा चाळावं. त्यात बाप्तिस्मा होऊन फार दिवस न झालेली एक हिंदी बाई मोठमोठ्या धर्माधिकाऱ्यांच्या नाकी नऊ आणताना दिसते. अथानासियाच्या नावानं चालणारा मतांगीकार मान्य नाही, म्हणते. त्रैक्याचं जे विवरण तुम्ही करता ते शास्त्रात दाखवा, म्हणते. येशूच्या कुमारीपासून झालेल्या जन्मावरही शंका काढते. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असा हट्ट धरते. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. मंडळीच्या अधिकाराला मान तुकव, नम्र हो, असं त्या परोपरीनं सांगत राहिल्या. रमाबाईंचं म्हणणं एवढंच की ब्राह्मण पुरोहितांच्या हुकमतीतून मी मोठ्या कष्टानं बाहेर आले, ती तशीच दुसऱ्या पुरोहितांच्या हातात जाण्यासाठी नव्हे. देवानं मला विवेक दिलाय आणि शास्त्र माझ्यापुढे उघडं आहे.

माझं मत विचाराल तर काही मुद्द्यांवर जेराल्डिनबाई बरोबर होत्या. त्रैक्याचा प्रश्न बायबलातली चार वचनं दाखवून सुटत नाही, मंडळीला तो सोडवायला शतकं लागली, आणि त्या शतकांकडे पाठ फिरवणं हा शहाणपणा नव्हे. खुद्द रमाबाईही पुढे त्रैक्य मानू लागल्या. पण भांडण कशाच्या आधारानं चाललंय ते पाहा. ही बाई ‘मला वाटतं’ म्हणून थांबत नाही, पुस्तक उघडून ‘इथे काय लिहिलंय’ असं विचारते. बिरुयाच्या लोकांचं प्रेषितांच्या कृत्यांत कौतुक आहे ते याच कारणासाठी. खुद्द पौल सांगतोय म्हणून त्यांनी मान डोलावली नाही, रोज शास्त्र काढून ताडून पाहिलं. आपल्याकडे त्या ओळीवर प्रवचन होतं, पण प्रवचन ताडून पाहणारा श्रोता पाळकांना कितपत रुचतो, हे मंडळीच्या वार्षिक सभेत बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, रमाबाईंना जाणवलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडलाय, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. 1907 सालच्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वच्छ लिहिलंय. तोवर त्या बायबल वाचत होत्या, शिकवत होत्या, त्यावर वाद घालत होत्या. बुद्धीनं पटलेल्या गोष्टींचा ढीग जवळ होता. हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ कैक वर्षं उपदेश करत होता, आणि एके रविवारी स्वतःच्याच प्रवचनानं त्याचं मन पालटलं! ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. मग बायबल पुन्हा हाती घेतलं, ते आता स्वतःला उद्देशून लिहिलेलं पत्र म्हणून.

मग आधीची आठ वर्षं फुकट गेली का? मला तसं वाटत नाही. हॅस्लमचं पुस्तक पुष्कळांनी वाचलं असेल. ज्याच्याजवळ आधीपासून वचनांचा साठा असतो, त्याच्याच बाबतीत असा क्षण नुसता उमाळा न राहता पुढच्या 30 वर्षांचं काम होतो. भावना ओसरल्यावर परत जायला काहीतरी लिहिलेलं लागतं.

1893 च्या वादळाबद्दल बोललो नाही तर तुम्ही म्हणाल, सोयीचं तेवढं सांगितलं. भारतात परतल्यावर रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदनात धर्माची सक्ती करायची नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं ठेवत, आणि मुली येऊन बसत. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’नं झोड उठवली. पालकांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता, आणि तो खरा होता. उलट बाजूनं, स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करा असं एखाद्या हिंदू संचालिकेला कुणी सांगितलं असतं का, हाही प्रश्न खराच होता. मला त्याचा निवाडा इथे करायचा नाही.

मला जायचंय केडगावला. 1896 च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली आणि 1900 च्या सुमारास तिथली वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. या मुलींना अक्षर माहीत नव्हतं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा या बरोबरीनं त्या वाचायला शिकल्या. मनोरमा अमेरिकेतून अंधांना शिकवण्याची पद्धत शिकून आली आणि आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या. छापखाना होता, आणि खिळे जुळवणाऱ्या या मुलीच होत्या. पाचव्या वर्षी ‘रांड’ म्हणून घराबाहेर काढलेली पोर यशयाचं पान कंपोज करते, हे त्या काळच्या पुणे जिल्ह्यात काय असेल याची कल्पना करा.

आणि याच मुलींसाठी रमाबाईंनी अखेरची सुमारे 15 वर्षं एकाच कामाला दिली: अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. पन्नाशीच्या आगेमागे त्या या दोन भाषा शिकल्या. बायबल मराठीत नव्हतं असं नाही. कॅरीनं 1805 मध्येच श्रीरामपूरला मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं होतं आणि मिशनऱ्यांचं भाषांतर मंडळ्यांमध्ये रुळलेलं होतं. पण ते शिकलेल्यांच्या मराठीत होतं, आणि दुष्काळातून आलेल्या बाईला ते पोचत नव्हतं. कलकत्त्यात संस्कृत बायबल हाती पडल्यावर स्वतः पंडिता परकी झाली होती. तिला हे कळणार नाही तर कुणाला?

5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, पूर्ण बायबल 1924 साली बाहेर आलं. मंडळ्यांनी ते फारसं उचललं नाही. बायबल सोसायटीचंच चालत राहिलं, आजही चालतं. भाषांतर म्हणून त्यात ठेचकाळणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, आणि उत्तरायुष्यात रमाबाईंची दृष्टी अरुंद झाली, जुन्या परंपरेतलं काही भाषेतसुद्धा येऊ नये असा अट्टहास आला, ही टीका मला बरीचशी मान्य आहे. पण ते पुस्तक दुकानात विकण्यासाठी केलेलं नव्हतं. ते करताना किती मुलींच्या हाताखालून एकेक ओळ गेली, किती जणींनी प्रुफं वाचली, किती जणी पुढे बायबलबाई म्हणून खेड्यापाड्यांतल्या ओट्यांवर बसून ते वाचून दाखवू लागल्या, यावर त्याचं मोल ठरवायला हवं.

आमच्या मंडळ्यांना म्हणून माझी एकच सूचना आहे. क्विझ बंद करू नका. तिच्यात मुलांनी प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तरं द्यायची, अशी एक फेरी घाला. पाळकांना आधी प्रश्न कळवायचे नाहीत. आणि आता वेळ उरलाय तेवढ्यात तुमचे प्रश्न घेतो. रमाबाईंवर तासभर बोलायचं आणि कुणी काही विचारायच्या आत व्यासपीठावरून उतरायचं, हे बरं दिसणार नाही.