फेरीतले चार सेकंद

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही मंडळी रेडिओचा कान पिळायला हात पुढे करतील, हे मी जाणून आहे. व्हिडिओ गेममधल्या मोटारशर्यतीत फेरीची वेळ कशी कमी करावी, हा काय पारावर किंवा शाळेत सांगायचा विषय झाला? दोन वर्षांपूर्वी मीही असेच म्हटले असते. तीस वर्षे खेड्यातल्या शाळेत गणित शिकवले. पडद्यावर पळणारी मोटार म्हणजे पोरांचा वेळ खाणारी एक नवी ब्याद, यापलीकडे तिचा मी कधी विचारच केला नव्हता. तो करायला लावला माझ्या नातवाने, आणि तोही एका वाक्याने.

गेल्या आषाढातली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता आणि नातू, तो नववीत आहे, आपल्या मामाने दिलेल्या यंत्रावर 'ग्रान तुरिस्मो' नावाचा खेळ खेळत बसला होता. एकाएकी त्याने हातातला कंट्रोलर गोधडीवर टाकला आणि म्हणाला, "आजोबा, दोन महिने झाले, एक सेकंदसुद्धा कमी होत नाही. माझ्यात ते नाहीच."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. कारण हे वाक्य मला नवे नव्हते. बीजगणिताबद्दल तो हेच म्हणतो. आणि त्याच्याआधी वर्गातल्या शेकडो मुलांच्या तोंडून मी ते ऐकले आहे. खरे सांगतो, त्यावर मी कधी फारसे काही केले नाही. "असं म्हणू नये बाळ," एवढे सांगून पुढच्या उदाहरणाकडे वळत असे. या खेपेस मात्र मला दुसरे काम नव्हते. मी एक शंभर पानी वही घेतली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

आधी खेळाविषयी थोडे सांगतो. हा खेळ १९९७ सालच्या डिसेंबरात जपानात प्रथम निघाला. काझुनोरी यामाउची हे त्याचे कर्ते. त्यांचा कटाक्ष असा, की पडद्यावरची मोटार खऱ्या मोटारीसारखी वागली पाहिजे. वेगात वळवली तर घसरली पाहिजे, ब्रेक दाबला तर तिचे वजन पुढच्या चाकांवर आले पाहिजे. काही रस्तेही खरे घेतलेले. नातू ज्या रस्त्यावर अडला होता तो जपानातला सुझुका. १९६२ साली होंडा कंपनीने तो बांधला. एक फेरी ५.८०७ किलोमीटरांची. आकार आठाच्या आकड्यासारखा. आपला देवनागरी आठ नव्हे हं, इंग्रजी आठ! एके ठिकाणी रस्ता स्वतःच्याच पुलाखालून जातो. या फेरीला त्याची लहानशी दोन आसनी मोटार २ मिनिटे ४६ सेकंद घेत होती, आणि तिथून काटा हलत नव्हता.

पहिला तास मी तोंडातून शब्द काढला नाही. वहीत नुसत्या रेघा ओढल्या. फेरी सुरू झाली की एक उभी रेघ, पुरी झाली की तिच्यावर आडवी. तासाच्या शेवटी मोजले: उभ्या रेघा एकतीस, आडव्या चार! तुमच्या लक्षात आले का काय होत होते ते? जरा चूक झाली, चाक गवतात गेले, की गडी बटण दाबून फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. त्यामुळे पहिली दोन वळणे त्याला तोंडपाठ होती, एकतीस वेळा घेतली होती ना! आणि शेवटचे वळण तासाभरात अवघे चार वेळा. गुरुजी मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. अक्षर बिघडले म्हणून पान फाडून पुन्हा पहिल्या पानापासून नवी वही घालणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या वहीचे पहिले पान सुरेख असते, आणि दहावे कधी येतच नाही.

म्हणून पहिला नेम असा ठरवला, की काही झाले तरी फेरी पुरी करायची. गवतात गेली, उलटी फिरली, तरी सरळ करून पुढे जायचे. अशा दहा फेऱ्या. अर्ध्या तासाचे काम. पोराला हे मुळीच रुचले नाही. आणि पहिल्या दिवशी झाले काय, तर सगळ्यांत चांगली फेरी निघाली २ मिनिटे ४९ सेकंदांची! तीन सेकंद जास्तच. तो माझ्याकडे असा बघू लागला, की जणू मीच ते सेकंद त्याच्या खिशातून काढले.

दोन-तीन दिवसांत फेऱ्या पुन्हा ४६ वर आल्या. हा खेळ फेरीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेळ दाखवतो. त्या वेळा आम्ही वहीत उतरवून घेत होतो. मग मी त्याला एक साधी बेरीज करायला सांगितली. दहा फेऱ्यांतला पहिला तुकडा ज्या फेरीत सर्वांत कमी वेळात गेला तो घे, दुसरा ज्या फेरीत उत्तम गेला तो घे, आणि सगळे जोड. बेरीज आली २ मिनिटे ४४ सेकंद. तो गप्प झाला. "आजोबा, म्हणजे हे सगळं मी केलेलंच आहे?" मी म्हटले, "हो. फक्त एका फेरीत केलेलं नाहीस." नवे काही न शिकता दोन सेकंद त्याच्याच वहीत पडून होते. 'माझ्यात ते नाहीच' हे वाक्य त्यानंतर या खेळापुरते तरी माझ्या कानी आलेले नाही.

आता पुढचे दोन सेकंद. ते मिळवायला मात्र नवे शिकावे लागले, आणि इथेच बहुतेकांची समजूत चुकते. आपल्याकडे बैलगाडा घाटात सरळ पळतो. जो जास्त जोरात पळाला तो जिंकला, हिशोब सरळ आहे. मोटारीच्या फेरीत तसे नाही. सरळ रस्त्यावर एक्सिलरेटर दाबून धरणे कुणालाही येते. तिथे सगळे सारखेच. वेळ जातो तो वळणावर, आणि त्यातही वळणातून बाहेर पडताना.

वळणावर गाडी किती वेगाने जाऊ शकेल हे धाडसावर ठरत नाही. ते टायरच्या पकडीवर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरते. विज्ञानाच्या गुरुजींनी फळ्यावर मांडून दाखवावे. घर्षणाचा गुणांक १ धरा, म्हणजे वेगाचा वर्ग बरोबर ९.८ गुणिले त्रिज्या. सुझुकाच्या एका वळणाचे नावच मुळी '१३० आर', त्याच्या १३० मीटर त्रिज्येवरून पडलेले. २००३ साली ते वळण बदलले, नाव राहून गेले. ९.८ गुणिले १३० म्हणजे १२७४. त्याचे वर्गमूळ सुमारे ३५.७. सेकंदाला ३५.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२८ किलोमीटर. याहून जोरात गेलात तर तुम्ही शूर असा की भित्रे असा, गाडी बाहेरच जाणार.

मग आपल्या हाती काय? त्रिज्या! रस्ता आहे तेवढाच आहे, पण त्याची रुंदी सगळी वापरता येते. उजवे वळण असेल तर रस्त्याच्या डाव्या कडेने यावे, वळणाच्या पोटाशी उजवी कड गाठावी, आणि सुटताना पुन्हा डाव्या कडेला जाऊ द्यावे. वाट मोठी होते पण वाकडी कमी होते. उसाची भरलेली गाडी बांधावरून वळवणारा गाडीवान हेच करतो. त्याला कुणी गणित शिकवलेले नसते. त्रिज्या दुप्पट झाली तर वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. पण तेवढाही पुष्कळ आहे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. टायरची पकड मापाची असते. पायलीभर जोंधळे आहेत असे समजा. सगळे ब्रेकला घातलेत तर वळायला काय उरणार? नातू वळणात शिरल्यावरही ब्रेक गच्च दाबून धरी, आणि गाडी सरळच जाई. तो म्हणे, "स्टीअरिंग ऐकतच नाही." ऐकणार कसे? पोती रिकामी झाली होती! ब्रेक सरळ रस्त्यावर जोराने लावावा आणि गाडी वळू लागली की हळूहळू सोडत जावा, एकदम नव्हे. तसेच सुटताना. सुकाणू जसजसे सरळ होईल तसतसा एक्सिलरेटर वाढवावा. कंट्रोलरवरची ब्रेकची कळ थोडी दाबली तर थोडा ब्रेक लागतो, हेच पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. ती तिला विजेच्या बटणासारखी वापरतात. आणि ब्रेक कुठे लावायचा याची खूण ठरलेली हवी. रस्त्याच्या कडेला अंतराच्या पाट्या असतात, पुलाची सावली असते, गवताचा एखादा कोपरा असतो. 'साधारण इथेच' असे म्हणू नये. रोज वेगळ्या ठिकाणी ब्रेक लावणाऱ्याला आपली चूक कुठली हे कधीच कळत नाही.

आता बाहेर पडण्याचे महत्त्व बघा. सुझुकावर 'स्पून' नावाचे लांबट डावे वळण आहे, चमच्याच्या आकाराचे. त्यानंतर लांब सरळ रस्ता लागतो. नातू त्यात मोठ्या ऐटीने जोरात शिरे आणि शेवटी बाहेरच्या कडेला धडपडत, एक्सिलरेटर सोडून बाहेर पडे. मी म्हटले, जरा आधी ब्रेक लाव, शिरताना हळू शीर, आणि तोंड सरळ होताच दाब. त्याला ते बायकी वाटले. असे म्हणून आजीचे चार शब्द त्याने ऐकून घेतले, ते वेगळेच. मग आम्ही हिशोब केला. एक किलोमीटर सरळ रस्ता धरा. वळणातून ताशी पाच किलोमीटर अधिक वेगाने निघालात. हवेच्या रोधाने तो फरक घटत जातो, म्हणून सरासरी तीनच उरला असे समजा. ताशी १५० ने एक किलोमीटरला २४ सेकंद लागतात. १५३ ने लागतात सुमारे साडेतेवीस. अर्धा सेकंद! शिरताना दवडलेले दोन-तीन दशांश वजा जाता नफाच राहतो. कागदावर पटले, पण हाताला पटायला आठवडा लागला.

इथे माझी एक चूक सांगतो, शिक्षकांसाठी मुद्दाम. हे सगळे मला कळू लागल्यावर मी गप्प बसेना. "ब्रेक सोड! कड गाठ! लांब बघ! आता दाब!" प्रत्येक वळणावर चार सूचना. दोन दिवसांत पोराच्या फेऱ्या पुन्हा ४८ वर गेल्या आणि गाडी दर फेरीला गरगरू लागली. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मामंजी, त्याला खेळू द्या की तुम्ही खेळा." आयुष्यभर मी मुलांच्या वह्या तांबड्या शाईने भरून टाकल्या, एका पानावर वीस खुणा. त्यांतली किती मुलांनी वाचली असतील, हा विचार त्या संध्याकाळी प्रथमच मनात आला. दुसऱ्या दिवसापासून एका बैठकीला एकच वळण आणि एकच दुरुस्ती असे ठरवले. बाकी काहीही चुको, त्यावर बोलायचे नाही. मला हे त्याच्यापेक्षा जड गेले.

तोंड बंद ठेवायला खेळातल्याच एका सोयीने मदत केली. तुमच्या सर्वांत चांगल्या फेरीची एक पारदर्शक मोटार हा खेळ तुमच्यापुढे पळवतो. मुले तिला 'घोस्ट' म्हणतात, म्हणजे भूत. हे भूत तुमचेच असते. ते कुठे पुढे जाते आणि कुठे मागे राहते हे डोळ्यांनी दिसते. कुणी रागावत नाही, लाल शाई नाही. परक्या पटाईत खेळाडूचे भूतही समोर घेता येते, पण सुरुवातीला घेऊ नये. ते पहिल्या दोन वळणांतच दिसेनासे होते आणि मुलगा त्याच्या मागे धावताना आपल्या खुणा विसरतो. आपल्याहून अर्धा सेकंद पुढे असेल तेच भूत कामाचे.

आणखी एक. पाऊण तासानंतर वेळा वाढू लागतात. वहीत ते स्पष्ट दिसले. तेव्हा यंत्र बंद करावे. घरातल्या माणसांनाही ते बरे वाटते.

कुणी विचारील, यातून पुढे काय? स्पेनचा लुकास ओर्दोन्येस या खेळाच्या २००८ सालच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०११ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. ती निवडस्पर्धा २०१६ नंतर बंद झाली. तेव्हा पोरांना तसले स्वप्न दाखवू नये. आणि इथले धाडस मोटारसायकलवर, घाटरस्त्यावर न्यायचे नाही, हे आमच्या घरात पहिल्याच दिवशी ठरले आहे. खेळात गाडी आपटली तर बटण दाबून नवी मिळते. रस्त्यावर समोरून एस.टी. येते.

दिवाळीच्या सुट्टीत नातवाची फेरी झाली २ मिनिटे ४२ सेकंद. बीजगणिताचे काय, असे सूनबाई विचारतात. त्याचा आणि याचा संबंध मी जोडत नाही, कारण अजून तसा काही पुरावा माझ्या वहीत नाही. फेरीत मात्र एक जागा उरली आहे. शेवटच्या सरळ रस्त्याआधी उजवे-डावे असे एक अवघड, आखूड वळण आहे. शिकेन म्हणतात त्याला. तिथे तो अजून ब्रेक उशिरा लावतो आणि दगडी कडेवर चढतो. परवाच्या दहा फेऱ्यांत सहा वेळा चढला. आजपासून त्या एकाच वळणाचे पान उघडले आहे.